आखाजीच्या आधी बियांचा डबा

सकाळची शाळा सुरू झाली की दुपार माझ्या हाती येते. अमळनेरात एप्रिलची दुपार दारं-खिडक्या लावून कूलरसमोर काढायची असते. त्या वेळात मी दरवर्षी एकच काम करते. बियांचा डबा काढते, जुनी वही काढते आणि पावसाळ्यापासून पुढच्या होळीपर्यंत परसात काय लावायचं ते ठरवते. शेजारच्या वहिनी म्हणतात, मृगाला अजून दोन महिने आहेत, एवढ्यात काय घेऊन बसलात? मला मात्र हे दिवसही उशिराचे वाटतात. बी उगवतं की नाही हे बघण्यातच दोन आठवडे जातात. नाही उगवलं तर दुसरं मिळवायला आखाजीसारखा, म्हणजे अक्षय्य तृतीयेसारखा, दिवस नाही. आखाजीला आम्ही साऱ्या सासुरवाशिणी माहेरी जमतो. येताना कुणाच्या पिशवीत कुरडया-पापड असतात, माझ्या पिशवीत बियांच्या पुड्या असतात.

यंदा डबा उघडताना हात जरा थांबला. त्यात आईच्या भरताच्या वांग्याची शेवटची पुडी होती.

माझं माहेर यावल तालुक्यातलं. ज्या वांग्याला २०१६ मध्ये ‘जळगाव भरीत वांगी’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं, ते आमच्या लहानपणी घरचंच होतं, त्याला नाव वगैरे काही नव्हतं. पोपटी-हिरवं, अंगावर पांढऱ्या रेघा, हातात घेतलं तर आकाराच्या मानाने हलकं आणि भाजल्यावर आत बी जवळजवळ दिसतच नाही. कपाशीच्या काड्यांवर भाजायचं, साल काढून लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या-लसणासोबत ठेचायचं, वरून कांद्याची पात आणि शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी. आई हे वांगं केळीच्या बागेच्या बांधावर लावायची आणि दरवर्षी स्वतःच बी धरायची.

मग बागेत हरण्या आला. केळीवरचा हा रोग कुकुंबर मोझॅक व्हायरस या विषाणूमुळे होतो. नावात काकडी आहे, कारण तो केळीपुरता राहत नाही. काकडीवर्गातले वेल, टोमॅटो, मिरची, बरीचशी तणं, या सगळ्यांत तो मुक्काम करतो आणि मावा ही बारीक कीड त्याला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. कोवळ्या केळीची पानं चट्ट्यापट्ट्याची झाली की ती झाडं उपटून टाकण्यावाचून इलाज नसतो. भावाने एका वर्षी किती रोपं उपटली ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यानंतर त्याने ठरवलं की बागेच्या बांधावर भाजीपाला नको. त्याचं चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही. त्याचं वर्षभराचं पोट त्या केळीवर आहे. पण बांध मोकळा झाला आणि आईचं वांगंही गेलं. तिने धरलेलं शेवटचं बी २०२१ चं. ते तिने दोन वर्षांपूर्वी आखाजीला माझ्या ओटीत घातलं.

पुडी सोडून मोजलं, एकशे चाळीस बिया. त्यातल्या वीस काढल्या. जुन्या सुती साडीचा तुकडा ओला करून पिळला, त्यावर बिया ओळीने मांडल्या, गुंडाळी केली आणि स्टीलच्या डब्यात झाकण किंचित उघडं ठेवून ओट्याखाली ठेवली. या दिवसांत कापड फार लवकर वाळतं, म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. वांग्याला उगवायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. सहाव्या दिवशी काही नाही. आठव्या दिवशी दोन बियांना पांढरं टोक फुटलं. चौदाव्या दिवशी मोजल्या तर सात.

वीसमधल्या सात म्हणजे शंभराला पस्तीस. पाच वर्षांच्या, त्यातली तीन वर्षं खान्देशी उन्हाळ्यात पत्र्याखालच्या फडताळात काढलेल्या बियांसाठी हे कमी नाही. पण याच्यापुढे वाट बघता येणार नाही. बी या वर्षीच जमिनीत जायला हवं.

इतर पुड्यांचीही अशीच परीक्षा घेतली. मायच्या वालाच्या वीसपैकी एकोणीस उगवल्या. (माय म्हणजे माझ्या सासूबाई, घरात सगळे त्यांना मायच म्हणतात.) दोन वर्षांपूर्वीच्या भेंडीच्या अकरा. गिलक्याच्या सतरा. कांद्याच्या बियांचं एक अर्धवट पाकीट उरलं होतं, त्यातली एकही उगवली नाही. कांद्याचं बी वर्षभरापलीकडे भरवशाचं राहत नाही, ते दरवर्षी नवंच घ्यावं. टोमॅटो, वांगी आणि वेलवर्गातल्या बिया नीट ठेवल्या तर चार वर्षं सहज निघतात. भेंडी दोन वर्षांनी मंदावते. हे मी आता वहीच्या पुठ्ठ्यावरच लिहून ठेवलं आहे, कारण दरवर्षी दुकानात उभी राहिले की जुनं बी घरात पडलेलं आहे हे विसरायला होतं.

वहीची सुरुवात मात्र बियांपासून होत नाही. ती मायच्या एका वाक्यापासून होते. परसबागेच्या पहिल्या वर्षी मी अकरा पाकिटं आणली होती. त्यात रंगीत फ्लॉवर होता, सॅलडची पानं होती, लाल मुळा होता. पाकिटावरची चित्रं बघून घेतलेलं सगळं. माय पाट टाकून बसल्या होत्या. सगळी पाकिटं हातात घेऊन त्यांनी एकेक खाली ठेवलं आणि म्हणाल्या, “पोटले जे लागस, ते पेर.” पोटाला जे लागतं ते पेर. त्या दिवसापासून वहीच्या पहिल्या पानावर मी आमच्या घरातला एक आठवडा लिहून काढते. कोणत्या दिवशी कोणती भाजी झाली, किती लागली. आम्ही घरात चौघं. आठवड्यातून दोनदा मेथी किंवा पोकळा, एकदा गिलकी, एकदा गवार, भेंडी मुलीच्या डब्यात दोनदा, मिरच्या रोजच, कोथिंबीर रोजच. थंडीत वांगी आणि वालाच्या शेंगा. आमचं पोट एवढंच मागतं.

त्यावरून झाडं ठरतात. भेंडीची वीस झाडं, एक दिवसाआड तोडली तर डब्याला पुरतात. मिरचीची आठ. गिलक्याचे दोन वेल, दोडक्याचे दोन, कारल्याचा एकच, कारण ते घरात मी आणि माय दोघीच खातो. एका वेळी वीस झाडं लावायची असतील तर दहा ग्रॅमच्या पाकिटातल्या दीडशे भेंडीच्या बियांचं करायचं काय? वांग्याच्या बिया तर एका ग्रॅममध्ये दोनशेच्या आसपास बसतात. म्हणून आम्ही गल्लीतल्या चौघी मिळून पाकिटं घेतो. एकीने भेंडी, एकीने कारली, एकीने टोमॅटो, आणि घरी बसून चमच्याने वाटून घ्यायच्या. वाटताना पाकिटावरचा मजकूर मात्र प्रत्येकीने आपापल्या वहीत उतरवून घ्यायचा, नाहीतर पुढच्या वर्षी कागदाच्या पुडीत काय आहे, कधीचं आहे, कुणालाच सांगता येत नाही.

तो मजकूर वाचायला मी एका चुकीतून शिकले. चार वर्षांपूर्वी एका पाकिटातून फार सुरेख वांगी आली, हिरवी, लांबट, एकसारखी. मी मोठ्या हौसेने त्यातलं एक फळ पिकवून बी धरलं. पुढच्या वर्षी त्या बियांतून सहा झाडं वाढवली आणि सहांची सहा तऱ्हेची फळं आली. एकाला जांभळी छटा, एक लिंबाएवढंच राहिलं, एकाची साल इतकी कडक की भाजली तरी सुटेना. सहा महिने पाणी घातल्यावर हे समोर आलं तेव्हा मला रडू आलं होतं. पाकिटावर ‘एफ-१’ स्पष्ट लिहिलेलं होतं. एफ-१ म्हणजे दोन वेगळ्या वाणांच्या संकराची पहिली पिढी. ती एकसारखी येते, जोमदार येते, पण तिच्या पोटी आलेल्या बियांत आजी-आजोबांचे सगळे गुण पुन्हा वेगवेगळे वाटले जातात. संकरित बी वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. टोमॅटो मी संकरितच घेते, कारण पानं मुरडण्याच्या रोगापुढे माझे साधे टोमॅटो दोन वर्षं टिकले नाहीत. पण ज्याचं बी घरी धरायचं आहे ते सरळ वाणाचं किंवा गावठीच हवं. भेंडीत मी ‘परभणी क्रांती’ लावते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेलं हे सरळ वाण आहे. शिरा पिवळ्या पाडणाऱ्या हळद्या रोगाला बऱ्यापैकी तोंड देतं आणि त्याच्या शेंगा झाडावर वाळवून बी ठेवता येतं. दोडक्यात राहुरीच्या विद्यापीठाचा ‘फुले सुचेता’ आणि कारल्यात ‘फुले ग्रीन गोल्ड’ आमच्या काळ्या जमिनीत चांगले आले.

पाकीट हातात घेतलं की चित्राकडे न बघता मागची बाजू बघावी. उगवणशक्ती किती टक्के, चाचणी कोणत्या तारखेची, कधीपर्यंत वैध. निळी खूणचिठ्ठी प्रमाणित बियाण्याची, हिरवी असेल तर ते कंपनीने स्वतःच्या जबाबदारीवर विकलेलं सत्यप्रत बियाणं. चाचणीच्या तारखेपासून साधारण नऊ महिने वैधता असते. आमच्याकडे उन्हाळ्यात दुकानाच्या काचेआड, ऊन खात लटकलेली पाकिटं असतात. ती वैधतेत असली तरी मी घेत नाही, आतून काढून द्या म्हणते. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची. बी गुलाबी, निळं किंवा हिरवं दिसत असेल तर त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं. माय एकदा उरलेलं गुलाबी चवळीचं बी सवयीने खायच्या चवळीच्या बरणीत ओतणार होत्या, मी वेळेवर पाहिलं म्हणून बरं. असं बी शिजवूनही खाता येत नाही. ते वेगळ्या डब्यात, वरच्या फळीवर, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवावं.

बी निवडलं की प्रश्न येतो तो जागेचा. आमचं परस पंचवीस फूट बाय अठरा. दक्षिणेला शेजाऱ्यांचा कडुनिंब आहे. एप्रिलमध्ये सूर्य डोक्यावर असतो, त्यामुळे त्या निंबाची सावली त्यांच्याच अंगणात पडते आणि आपल्याकडे सगळीकडे ऊनच ऊन आहे असं वाटतं. या समजुतीवर मी एका वर्षी दक्षिणेच्या दोन वाफ्यांत टोमॅटो ठरवले. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलला आणि तीच सावली लांब होऊन अकरा-साडेअकरापर्यंत वाफ्यांवर बसून राहिली. झाडं उंच, पोकळ, फुलं तुरळक. तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी दहा वाजता मी चुन्याने सावलीची कड आखते आणि वहीत उतरवते. आता त्या दोन वाफ्यांत थंडीत मेथी, पालक, कोथिंबीर असते. पालेभाज्यांना कमी ऊन चालतं. उन्हाळ्यात उलटं, तिथे सावली पोचत नाही म्हणून हिरवी नेट बांधावी लागते. आता एप्रिलमध्ये त्या नेटखाली पोकळा आणि गवार उभी आहे, बाकी परस ऊन खात मोकळं आहे. जमीन अशी तापू देणंही मला आवडतं, त्यात तणाचं बी आणि किडींचे कोष बरेच मरतात.

आता वेळेचं. या बाबतीत मी वांग्याकडून शिकले, म्हणून पुन्हा त्याच्याकडे येते.

आमच्या घरात चातुर्मासात वांगं शिजत नाही. आषाढी एकादशीच्या आधी कांदेनवमीला शेवटचं भरीत होतं आणि मग थेट चंपाषष्ठीला. त्या दिवशी खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो, त्यानंतर घरात वांगं येतं. गेल्या वर्षी मी मृगात, म्हणजे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वांग्याचं बी टाकलं, कारण सगळेच टाकतात. रोपं छान झाली. सप्टेंबरअखेर फळं धरू लागली आणि ऑक्टोबरभर मी वांगी वाटत फिरले, घरात कुणी खाणारं नव्हतं. २६ नोव्हेंबरला चंपाषष्ठी आली तोवर शेंडे अळीने पोखरले होते, झाडं थकली होती, जी चार फळं होती ती किडकी. परसात आठ झाडं असताना नैवेद्याचं वांगं बाजारातून आणावं लागलं. त्या दिवशी संध्याकाळी मी वहीत लिहिलं, “ताटापासून मागे मोजायचं.”

तेव्हा यंदा मागे मोजलं. मोजताना एक गोष्ट लक्षात आली, जी मायना नीट माहीत होती आणि मला चाळीस वर्षांत कुणी समजावून सांगितली नव्हती. आपले सण तिथीवर चालतात आणि तिथी चंद्रावर. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून सण दरवर्षी अकरा-बारा दिवस अलीकडे सरकतात आणि अडीच-तीन वर्षांनी अधिक महिना आला की एकदम पुढे जातात. पण शेतकरी ज्या नक्षत्रांवर पेरतो, रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, ती सूर्याची नक्षत्रं. मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतं, पुनर्वसू ६ जुलैच्या सुमारास, हस्त २७ सप्टेंबरच्या. ती हलत नाहीत, कारण ऊन-पाऊस-थंडी सूर्याच्या हिशेबाने चालते. यंदा, म्हणजे २०२६ ला, ज्येष्ठ अधिक आहे. त्यामुळे आषाढी एकादशी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जाते आणि चंपाषष्ठी डिसेंबरच्या मध्यावर, गेल्या वर्षीपेक्षा जवळपास तीन आठवडे उशिरा. मृगाचा दिवस मात्र तोच. म्हणजे दरवर्षी मृगालाच वांगं टाकणाऱ्याचा हिशेब अधिक महिन्याच्या वर्षी आणखी चुकतो. माय पंचांग हातात घेऊन म्हणाल्या, या वर्षी वांगं पुनर्वसूत टाक.

तर डिसेंबरच्या मध्यावर झाड भरात हवं. लावणीनंतर सत्तर-ऐंशी दिवसांनी चांगली फळं तोडायला येतात, म्हणजे लावणी ऑगस्टच्या मध्यावर. रोप पाच आठवड्यांचं हवं, म्हणजे बी १० जुलैच्या आसपास. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात फळं सुरू होतील, कार्तिकी एकादशीनंतर भर येईल. पावसाळ्याचा शेवट टळल्यामुळे अळीचा जोरही थोडा कमी असेल अशी आशा आहे. तरी सुकलेला शेंडा दिसला की तो दोन बोटं खालून खुडून जाळायचा, हे दर रविवारचं काम वहीत आधीच लिहून ठेवलं आहे. फळात शिरलेली अळी मग हाताला लागत नाही.

टोमॅटोचाही असाच हिशेब. आमच्याकडे रात्रीही गरम असल्या की त्याची फुलं गळतात, म्हणून उन्हाळ्यात त्याच्यावर पाणी घालवायचं नाही. बी सप्टेंबरच्या मध्यावर उत्तरा नक्षत्रात, लावणी चित्रात, खायचे नाताळापासून होळीपर्यंत. मेथी आणि कोथिंबीर एकदम न टाकता दर बारा दिवसांनी हातभर वाफा. मेथीचं बी किराणा दुकानातलंच चालतं, धने मात्र रगडून दोन फाकी कराव्या लागतात. याहून जास्त त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं नाही, त्या गुणी आहेत.

वालाबद्दल मात्र सांगायला हवं. मायचा वाल जुना आहे, कडेला जांभळी रेघ असलेल्या रुंद शेंगांचा. तीन वर्षांपूर्वी मला वाटलं, दोन वेल जानेवारीत लावले तर उन्हाळ्यातही शेंगा मिळतील. वेल मांडवभर पसरला, इतका की खाली दुपारी बसता यायचं, पण फूल एक नाही. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, पावसाळा, काही नाही. मी खतं बदलली, शेंडे खुडले. माय बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, “जवय दिन धाकला व्हतस, तवयच वालले फुलं येतस.” दिवस लहान होतात तेव्हाच वालाला फुलं येतात. आणि खरोखर ऑक्टोबरात त्या वेलाला तुरे आले. नंतर वाचलं, तेव्हा कळलं की जुने वेलवाल लहान दिवसांचं पीक असतात. रात्र पुरेशी लांब झाल्याशिवाय ते फुलोऱ्यावर येतच नाहीत. झुडपी, सुधारित घेवड्यात हे बंधन कमी असतं. आठ महिन्यांचं पाणी मी पानांना पाजलं. आता बी निवडताना कोणतंही गावठी वाण कुणाकडून घेतलं, तर पहिला प्रश्न हाच विचारते, तुम्ही हे कोणत्या नक्षत्रात टाकता? बियासोबत हे उत्तर आलं नाही तर निम्मंच बी हाती आलं असं समजते. पुडीवर मी नाव लिहिते, गाव लिहिते, कुणी दिलं ते लिहिते आणि नक्षत्र लिहिते.

बी ठेवण्याची माझी पद्धतही त्या पत्र्याखालच्या फडताळानंतर बदलली. बियाला दोन शत्रू, ओल आणि उष्णता. साधारण हिशेब असा सांगतात की साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरलं किंवा बियातली ओल एक टक्क्याने कमी झाली, तर बियाचं आयुष्य दुपटीला जातं. जुन्या बायका राखेत घोळून, कडुनिंबाचा पाला घालून, मडक्यात ठेवून तोंडाला शेण-मातीचा लेप द्यायच्या. राख ओल ओढून घेते, किडीला आत शिरू देत नाही आणि मडकं मातीच्या घराच्या गार कोपऱ्यात असायचं. आमचं घर स्लॅबचं, तसा गार कोपरा त्यात नाही. म्हणून सावलीत कडकडीत वाळवलेलं बी काचेच्या घट्ट बरणीत घालते, बरणी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. बाहेर काढल्यावर लगेच झाकण उघडायचं नाही. बरणी खोलीइतकी गरम होऊ द्यायची, नाहीतर गार बियांवर हवेतलं पाणी धरतं.

आईला परवा फोन केला. सात उगवल्या म्हटल्यावर ती आधी काही बोलली नाही. मग म्हणाली, “सात म्हणजे पुष्कळ झाल्या गं. मला वाटलं होतं मेलं असेल.” मग तिने एकामागून एक सांगायला सुरुवात केली आणि मी फोन स्पीकरवर ठेवून लिहून घेतलं. दुसरं कुठलंही वांगं या वर्षी परसात लावू नको, मधमाशी फिरते, बी भेसळतं. बियाला धरायचं फळ पहिल्या तोड्यातलं नको आणि शेवटी उरलेलं तर मुळीच नको. आपण काय करतो, चांगली चांगली खाऊन टाकतो आणि झाड वाळायला आलं की जे राहिलं ते बियाला. मग बी तसंच होत जातं. दुसऱ्या-तिसऱ्या बहरातलं, निरोगी झाडाच्या मधल्या फांदीवरचं, रेघा स्वच्छ असलेलं फळ बघायचं आणि ते कोवळं असतानाच त्याला चिंधी बांधायची. बांधलेलं फळ घरात कुणीही तोडायचं नाही, पाहुणा आला तरी. ते पिवळंधमक होऊन मऊ पडेपर्यंत झाडावर ठेवायचं. मग गर काढून पाण्यात कुस्करायचा, तळाशी बसतील त्या बिया घ्यायच्या, तरंगतील त्या सोडून द्यायच्या.

मी हिशेब करून बघितला. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात धरणारी जी फळं चातुर्मासामुळे आम्ही खाणार नाही, तीच चिंधी बांधायला नेमकी वेळेवर आहेत. आठांपैकी दोन झाडं बियासाठीच राखायची असं ठरवलं. राखलेल्या फळांमुळे ती दोन झाडं पुढे कमी धरतील, ते मला मान्य आहे.

उरलेल्या एकशे वीस बियांपैकी साठ १० जुलैला टाकीन. पस्तीस टक्क्यांच्या हिशेबाने वीसेक रोपं यावीत. आठ माझी, चार गल्लीतल्या मैत्रिणींना, बाकीची शाळेच्या परसबागेत आणि भावाला, त्याच्या घरामागे, बागेपासून लांब. उरलेल्या साठ बिया पुन्हा बरणीत. जुलैत एखादा मोठा पाऊस रोपं झोपवून गेला तर हाताशी असाव्यात म्हणून.

आणि कापडावर उगवलेली ती सात रोपं मला टाकवेनात. दह्याच्या रिकाम्या डब्यांना भोकं पाडून त्यात माती-शेणखत भरलं आणि शेजाऱ्यांच्या निंबाखाली ठेवली. दोन उन्हाने गेली, पाच आहेत, दोन-दोन पानांची. यंदा कांदेनवमी जुलैच्या उत्तरार्धात आहे. ही पाच मे महिना काढून तगली, तर तोवर एखादं फळ धरायला हरकत नाही. माय रोज सकाळी माझ्या आधी उठून त्यांना वाटीने पाणी घालतात.

आखाजीला माहेरी जायची पिशवी भरून झाली. आईने विचारलं होतं म्हणून वालाच्या तीस बिया घेतल्या आहेत, पुडीवर ‘मृग’ लिहून. वांग्याची बरणी बंद करण्याआधी मायनी त्यांच्या जुन्या लाल लुगड्याचा काठ टरकावून दोन चिंध्या दिल्या. त्या बियांसोबतच बरणीत घातल्या आहेत.